तात्पुरत्या दंतसेतूची बळकटी

एखादा दात पडला किंवा काढावा लागला, तर त्याची जागा भरून काढण्याचे अनेक मार्ग दंतवैद्यकात आहेत. त्यांपैकी एक म्हणजे दंतसेतू. पडलेल्या दाताच्या दोन्ही बाजूंचे दात सर्व अंगांनी थोडे थोडे कोरून बारीक करावयाचे, त्यांवर टोप्या बसवावयाच्या आणि त्या दोन टोप्यांच्या मध्ये कृत्रिम दात जोडून घ्यावयाचा, अशी ही रचना असते. ओढ्यावरील साकव जसा दोन काठांवर टेकलेला असतो, तसा हा कृत्रिम दात दोन आधारदातांवर टेकलेला असतो. एकाच दातावर जी टोपी बसविली जाते तिला दंतमुकुट म्हणतात. बोलीभाषेत तिला ‘कॅप’ हाच शब्द रूढ आहे.

कायमचा मुकुट किंवा सेतू एका दिवसात तयार होतोच असे नाही. दात कोरून झाले, की त्यांचे माप घेतले जाते; त्या मापावरून प्रयोगशाळेत धातू किंवा चिनी मातीसारख्या पदार्थाचा सेतू घडविला जातो. या कामास एक-दोन आठवडे लागतात. हिरडी भरून यावयाची असेल किंवा मुळावरील उपचार पूर्ण व्हावयाचे असतील, तर काही महिनेही जातात. या मधल्या काळासाठी जी टोपी किंवा जो सेतू बसविला जातो, तो तात्पुरता होय. तो बहुधा ॲक्रिलिक या प्लॅस्टिकच्या जातीतील पदार्थाचा असतो.

‘तात्पुरता’ या शब्दामुळे त्याच्याकडे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो. थोड्या दिवसांचीच गोष्ट आहे, तुटला तर तुटला, असे रुग्णास वाटते. ही समजूत योग्य नाही. तात्पुरता सेतू तुटल्यास होणारे नुकसान कायमचे असू शकते. ते कसे, हा पदार्थ का तुटतो आणि तो बळकट करण्यासाठी कोणते उपाय योजले जातात, याची माहिती पुढे दिली आहे.

तात्पुरत्याची कामे

दाताचे वरचे कठीण कवच, म्हणजे एनॅमल, एकदा कोरून काढले की ते पुन्हा वाढत नाही. त्याखालील थर सच्छिद्र असतो व त्यातील सूक्ष्म नलिका दाताच्या गाभ्यातील नसेपर्यंत पोहोचलेल्या असतात. कोरलेला दात उघडा राहिला, तर थंड पाणी, गरम चहा, गोड पदार्थ यांनी कळा येतात आणि जंतूंना आत शिरण्यास वाट मिळते. तात्पुरत्या टोपीचे पहिले काम या दाताला पांघरूण घालणे हे होय.

दुसरे काम जागा राखण्याचे. दात हाडात पक्के रोवलेले दिसत असले, तरी ते स्थिर नसतात. शेजारचा किंवा समोरचा आधार गेला, की ते हळूहळू मोकळ्या जागेकडे सरकू लागतात. आधारदात थोडासा जरी कलला, तरी पूर्वी घेतलेल्या मापावर तयार झालेला कायमचा सेतू नीट बसत नाही. मग माप पुन्हा घ्यावे लागते, प्रयोगशाळेचे काम पुन्हा करावे लागते, आणि कधी कधी दात आणखी कोरावा लागतो.

तिसरे काम हिरडीचे. टोपीची कड नीट बसलेली असेल, तर हिरडी तिच्याभोवती निरोगी राहते. टोपी तुटली किंवा निसटली, तर हिरडी सुजते व कोरलेल्या दाताच्या कडेवर चढू लागते. याशिवाय चावणे, बोलणे आणि चेहऱ्याची ठेवण ही कामे आहेतच.

दूरच्या गावाहून उपचारासाठी येणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. बांबोळी येथे १९८० साली स्थापन झालेले गोव्याचे दंत महाविद्यालय किंवा इंदूर येथील १९६१ सालचे शासकीय दंत महाविद्यालय यांसारख्या संस्थांमध्ये दूरदूरचे रुग्ण येतात. सेतू मध्येच तुटला, तर अशा रुग्णाला एक जादा खेप करावी लागते. त्यात प्रवासखर्च जातो, एका दिवसाची मजुरी बुडते आणि तो चार दिवस अंगावर काढतो. नेमक्या त्याच चार दिवसांत दात सरकतो व हिरडी सुजते. म्हणून तात्पुरत्या सेतूची बळकटी हा उपचाराचाच एक भाग समजला पाहिजे.

भुकटी आणि द्रव

दंतवैद्यकात वापरल्या जाणाऱ्या ॲक्रिलिकचे रासायनिक नाव पॉलिमिथिल मेथाक्रिलेट असे आहे. विमानाच्या पारदर्शक खिडक्या व दुकानांच्या पाट्या ज्या काचेसारख्या प्लॅस्टिकच्या असतात, तोच हा पदार्थ. १९३७ सालापासून तो कवळ्या करण्यासाठी वापरात आला आणि त्याने कवळ्यांमधील कडक रबराची जागा लवकरच घेतली. उष्णता न देता आपोआप घट्ट होणारा त्याचा प्रकार दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत विकसित झाला. त्यामुळे रुग्ण खुर्चीत बसलेला असतानाच तात्पुरती टोपी तयार करणे शक्य झाले.

हा पदार्थ भुकटी व द्रव अशा दोन भागांत मिळतो. द्रव म्हणजे मिथिल मेथाक्रिलेटचे सुटे रेणू. भुकटी म्हणजे याच रेणूंच्या लांब साखळ्यांपासून आधीच बनविलेले बारीक मणी. दोन्ही एकत्र कालविले, की भुकटीतील बेन्झॉइल पेरॉक्साइड व द्रवातील अमाइन जातीचे रसायन यांची क्रिया सुरू होते. द्रवातील सुटे रेणू एकमेकांचे हात धरून साखळ्या बनवितात, त्या साखळ्या भुकटीच्या मण्यांभोवती गुंततात आणि काही मिनिटांत मिश्रण दगडासारखे घट्ट होते.

या क्रियेत तीन गोष्टी घडतात व तिन्ही बळकटीशी निगडित आहेत. पहिली, मिश्रण तापते. दुसरी, ते आकसते. नुसता द्रव घट्ट झाला तर त्याचे आकारमान सुमारे २१ टक्के कमी होते. तीन भाग भुकटीस एक भाग द्रव या नेहमीच्या प्रमाणात आकसण्याचे मान सुमारे ७ टक्क्यांवर येते. तिसरी, काही सुटे रेणू साखळीत न गुंफता तसेच मागे राहतात आणि पदार्थाला किंचित मऊ करतात. द्रव जास्त घातला, तर मिश्रण पातळ व कालविण्यास सोपे होते खरे. परंतु ते जास्त आकसते, जास्त तापते आणि कमी बळकट राहते.

सेतू कोठे तुटतो?

ॲक्रिलिक ठिसूळ आहे. दाब ते चांगला सोसते. ताण मात्र त्यास फारसा सोसत नाही. साकवाच्या मध्यभागी माणूस उभा राहिला, की फळी किंचित वाकते. तिचा वरचा पृष्ठभाग दाबला जातो व खालचा ताणला जातो. फळी मोडते तेव्हा चीर खालच्या, म्हणजे ताणल्या गेलेल्या बाजूस प्रथम पडते. दंतसेतूचेही तसेच आहे. चावताना जोर ज्या बाजूने येतो, ती वरची बाजू समजली, तर हिरडीकडील बाजू ही साकवाची खालची बाजू ठरते. खालच्या जबड्यात ती खाली असते, वरच्या जबड्यात वर असते. परंतु दोन्ही ठिकाणी ताण पडतो तो मुख्यतः हिरडीच्याच बाजूस.

सेतूतील सर्वांत दुबळी जागा म्हणजे मधला कृत्रिम दात व आधाराची टोपी यांमधील सांधा. दोन दातांमध्ये हिरडीस श्वास घेण्यापुरती व साफसफाई करण्यापुरती मोकळी जागा ठेवावी लागते, म्हणून तेथे सेतू अरुंद होतो. बहुतेक तात्पुरते सेतू या सांध्याशीच, हिरडीकडील बाजूस चीर पडून तुटतात. ही चीर एका दिवसात पडते असे नाही. दाढांवर पूर्ण जोर लावून चावल्यास ४० ते ८० किलोग्रॅम वजनाइतका भार पडू शकतो. रोजच्या जेवणातील भार पुष्कळ कमी असतो, परंतु तो दिवसातून शेकडो वेळा पडतो. तार पुन्हा पुन्हा वाकविली की जशी तुटते, तशी एखाद्या बुडबुड्यापासून किंवा ओरखड्यापासून निघालेली बारीक चीर घासागणिक पुढे सरकते आणि एके दिवशी साध्या भाकरीच्या तुकड्यानेही सेतू मोडतो.

उंचीचा हिशेब

तुळई किती भार सोसेल हे तिच्या रुंदीवर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक तिच्या उंचीवर असते. रुंदी दुप्पट केली तर बळ दुप्पट होते. उंची दुप्पट केली तर ते चौपट होते. प्रयोगशाळेत पदार्थाची वाकण्यातील बळकटी मोजण्यासाठी दोन आधारांवर त्याची लहान पट्टी ठेवून मध्यभागी भार देतात. ही बळकटी मेगापास्कल या मापात सांगतात. एक मेगापास्कल म्हणजे एका चौरस मिलिमीटरवर सुमारे १०० ग्रॅम वजनाइतका जोर. कवळीच्या, उष्णता देऊन घट्ट केलेल्या ॲक्रिलिकसाठी आंतरराष्ट्रीय मानकाने किमान ६५ मेगापास्कल व आपोआप घट्ट होणाऱ्या ॲक्रिलिकसाठी ६० मेगापास्कल एवढी अपेक्षा ठेवली आहे.

६५ मेगापास्कल बळकटीच्या पदार्थाची २ मिलिमीटर रुंद व २ मिलिमीटर उंच पट्टी २० मिलिमीटर अंतरावरील दोन आधारांवर ठेवली, तर हिशेबाप्रमाणे ती मध्यभागी सुमारे पावणेदोन किलोग्रॅम भाराने मोडते. तीच पट्टी ३ मिलिमीटर रुंद केली, तर सुमारे २.६ किलोग्रॅम भार सोसते. मात्र रुंदी २ मिलिमीटरच ठेवून उंची ३ मिलिमीटर केली, तर ती जवळजवळ चार किलोग्रॅमपर्यंत टिकते. पदार्थ तोच असतो. केवळ एक मिलिमीटर जादा उंचीने त्याचे बळ सव्वादोन पट होते.

सेतूच्या लांबीचा परिणाम याच्या उलट आहे. इतर सर्व गोष्टी सारख्या असताना लांबी दुप्पट झाली, तर सेतू आठपट वाकतो. तिप्पट झाली, तर सत्तावीसपट. म्हणजे एका पडलेल्या दातासाठी जो सेतू सहज टिकतो, तोच दोन किंवा तीन दातांची जागा भरावयाची असल्यास टिकत नाही. लांब सेतूला अंतर्गत आधाराची गरज लागते, ती या कारणाने.

खर्चावाचून मिळणारी बळकटी

बळकटीचे काही उपाय केवळ काळजीपूर्वक काम करण्याचे आहेत. त्यांना वेगळी सामग्री लागत नाही किंवा अगदी थोडी लागते. भुकटी व द्रव यांचे प्रमाण उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे मोजून घेणे, हा त्यांपैकी पहिला. कालविताना मिश्रण फेटू नये. फेटल्याने हवेचे बुडबुडे आत अडकतात व प्रत्येक बुडबुडा चिरेचे उगमस्थान बनतो.

दुसरा उपाय दाबाच्या भांड्याचा. सेतू साच्यात भरल्यानंतर तो कोमट पाण्यात, सुमारे ४५ अंश सेल्सियस उष्णतेवर व साधारणतः दोन वातावरणांइतक्या दाबाखाली दहा-पंधरा मिनिटे ठेवला, तर बुडबुडे दबून लहान होतात, मागे राहिलेले सुटे रेणूही अधिक प्रमाणात साखळ्यांत गुंफले जातात व पदार्थ अधिक भरीव होतो. यासाठी लागणारे भांडे साधे असून ते वर्षानुवर्षे टिकते.

तिसरा उपाय सांध्याच्या आकाराचा. हिरडीस इजा होणार नाही अशा बेताने सांधा शक्य तितका उंच ठेवणे व त्याचे कोपरे गोलसर ठेवणे, यांमुळे ताण एका जागी एकवटत नाही. धारदार खाचेपाशी ताण एकवटतो. तयार सेतूस अखेरीस घासून गुळगुळीत करण्याचे कारण केवळ शोभा हे नसून बळकटी हेही आहे.

तारेचा उपाय

सामग्रीने बळकटी आणण्याचा जुना मार्ग म्हणजे सेतूत पोलादी तार घालणे. घराच्या स्लॅबमध्ये लोखंडी सळई घालतात, त्यामागील तत्त्वच येथे आहे. काँक्रीट दाब सोसते, ताण सळई सोसते. परंतु काँक्रीट सळईला घट्ट धरून ठेवते, तसे ॲक्रिलिक गुळगुळीत तारेला धरीत नाही. दोहोंमध्ये रासायनिक बंध नसतो. तार आणि ॲक्रिलिक यांच्या सीमेवर बारीक पोकळी राहिली, तर तीच चिरेची सुरुवात ठरते. म्हणून तारेवर वाळूच्या बारीक कणांचा मारा करून ती खडबडीत करणे, तिला पीळ देणे किंवा धातूस चिकटणारे रसायन लावणे, असे उपाय केले जातात. तार जाड असल्याने अरुंद सांध्यात तिच्यासाठी जागा काढणे अवघड जाते आणि समोरच्या दातांत तिची काळी छाया दिसते, हेही तिचे दोष आहेत.

धाग्यांचा उपाय

तारेपेक्षा अधिक उपयुक्त ठरलेला उपाय म्हणजे बारीक धाग्यांचा. ठिसूळ पदार्थात धागे मिसळण्याची युक्ती खेड्यांतील लोकांना परकी नाही. भिंती लिंपण्याच्या मातीत भुसा किंवा गवत मिसळतात. प्लास्टरच्या मूर्ती घडविणारे कारागीर प्लास्टरमध्ये काथ्या घालतात. माती किंवा प्लास्टर तडकले, तरी काथ्या तडकेच्या दोन्ही काठांना धरून ठेवतो व तुकडा गळून पडत नाही. दंतसेतूतील धागे नेमके हेच काम करतात.

या कामी चार प्रकारचे धागे वापरून पाहण्यात आले आहेत. कार्बनचे धागे अतिशय बळकट असतात. परंतु ते काळे असल्याने तोंडात शोभत नाहीत. अॅरामिड जातीचे धागे, ज्यांपासून गोळीरोधक जाकिटे बनतात, तेही बळकट आहेत; मात्र त्यांचा रंग पिवळसर असतो व घासताना त्यांचे पुंजके निघतात. पॉलिएथिलीनचे धागे पांढरे व चिवट असतात. पण त्यांस ॲक्रिलिक सहजी चिकटत नाही, म्हणून विद्युतभारित वायूचा संस्कार करून त्यांचा पृष्ठभाग आधी तयार करावा लागतो. काचेचे धागे पारदर्शक असल्याने दाताच्या रंगात मिसळून जातात आणि सिलेन नावाच्या रसायनाचा लेप दिला की ॲक्रिलिकशी त्यांचा रासायनिक बंध जुळतो. सिलेनच्या रेणूचे एक टोक काचेस व दुसरे टोक ॲक्रिलिकच्या साखळीस पकडते. या गुणांमुळे दंतवैद्यकात काचतंतूंचा वापर विशेष रूढ झाला आहे.

केवळ धागा घातला म्हणजे सेतू बळकट होतो, असे मात्र नाही. त्यासाठी तीन अटी पूर्ण व्हाव्या लागतात.

पहिली अट जागेची. धागा ताणाच्या बाजूस, म्हणजे हिरडीकडील पृष्ठभागाजवळ आणि एका आधारदातापासून दुसऱ्यापर्यंत सलग असावा लागतो. स्लॅबमधील मधल्या भागाची सळई वरच्या अंगास घातली, तर तिचा उपयोग होत नाही. तसेच येथे आहे. चावण्याच्या बाजूस घातलेला धागा चीर पडू देण्याचे थांबवीत नाही, आणि जाडीच्या ऐन मध्यावर घातलेल्या धाग्यास ताणही फारसा सोसावा लागत नाही.

दुसरी अट भिजण्याची. धाग्यांच्या जुडीत शेकडो सूक्ष्म तंतू असतात. त्यांतील प्रत्येक तंतूभोवती ॲक्रिलिक पोहोचले पाहिजे. जुडी कोरडी राहिली, तर आत पोकळ्या राहतात. त्या बळ वाढविण्याऐवजी घटवितात व तोंडातील लाळ शोषून घेतात. म्हणून धागा द्रवाने आधी भिजवून घेतात किंवा कारखान्यातच रेझीनने भिजविलेला धागा वापरतात. भुकटी व द्रव यांचे मिश्रण घट्टसर असल्याने ते आपोआप जुडीत शिरत नाही, हे येथे ध्यानात ठेवावे लागते.

तिसरी अट झाकले जाण्याची. धाग्याची टोके पृष्ठभागावर उघडी राहिली, तर ती जिभेस व हिरडीस टोचतात आणि तेथे अन्नकण व जंतू साठतात. म्हणून साच्यात ॲक्रिलिकचा पातळ थर, त्यावर भिजविलेला धागा व पुन्हा ॲक्रिलिक, अशा क्रमाने सेतू भरतात.

या अटी पाळल्या, तर दोन लाभ होतात. चीर पडण्यास अधिक भार लागतो, हा पहिला. चीर पडलीच, तरी धागे दोन्ही तुकड्यांना धरून ठेवतात, हा दुसरा व अधिक महत्त्वाचा. साधा सेतू तुटला की त्याचे सुटे तुकडे तोंडात पडतात. ते गिळले जाण्याचा किंवा झोपेत श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. धागे असलेला सेतू बहुधा लोंबकळत का होईना जागेवर राहतो आणि रुग्णास दवाखान्यापर्यंत पोहोचण्यास अवसर मिळतो.

सूक्ष्म कण व इतर पर्याय

सिलिका, झिर्कोनिया यांसारख्या कठीण पदार्थांचे अतिसूक्ष्म कण ॲक्रिलिकच्या भुकटीत मिसळूनही बळकटी वाढविण्याचे प्रयोग झाले आहेत. कण थोड्या प्रमाणात व सारखे पसरले, तर ते चिरेची वाट अडवितात. प्रमाण वाढले, की कण एकमेकांस चिकटून गोळे बनतात, आणि गोळा म्हणजे आणखी एक दुबळी जागा. पिठात मीठ सारखे न मिसळता त्याचा खडा राहिला, तर जे होते तेच येथे होते.

बिस-ॲक्रिल नावाचा दुसरा पदार्थ आता खूप वापरला जातो. तो आकसतो कमी व तापतोही कमी. परंतु अधिक ठिसूळ असतो आणि तुटल्यास त्याची डागडुजी साध्या ॲक्रिलिकइतकी सहज होत नाही. सेतू अनेक महिने तोंडात राहावयाचा असेल, तर तो खुर्चीपाशी न करता प्रयोगशाळेत उष्णता व दाब देऊन करणे अधिक हितावह ठरते. कारखान्यात घट्ट केलेल्या ॲक्रिलिकच्या भरीव ठोकळ्यातून संगणकाच्या साहाय्याने सेतू कोरून काढण्याची पद्धतही प्रचारात आली आहे. त्या ठोकळ्यात बुडबुडे व सुटे रेणू नगण्य असल्याने तो अधिक बळकट असतो. यंत्रसामग्री मात्र खर्चिक आहे.

बळकटीच्या मर्यादा

बळकटी साधताना दातास अपाय होता कामा नये. घट्ट होणारे ॲक्रिलिक तापते, हे वर सांगितले आहे. माकडांच्या दातांवर केलेल्या व १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या एका सुप्रसिद्ध प्रयोगात असे आढळले, की गाभ्यातील उष्णता ५.५ अंश सेल्सियसने वाढली, तर सुमारे १५ टक्के दातांचा गाभा त्यातून सावरला नाही. म्हणून ॲक्रिलिक तोंडातच पूर्ण घट्ट होऊ न देता, ते रबरासारखे झाल्यावर बाहेर काढणे, दातावर गार पाण्याचा फवारा देणे किंवा सेतू प्लास्टरच्या ठशावर तयार करणे, ही दक्षता घेतली जाते. सेतू बसविण्याच्या तात्पुरत्या सिमेंटचाही विचार करावा लागतो. लवंगेच्या तेलातील युजेनॉल ज्यात असते, असे सिमेंट ॲक्रिलिकला मऊ करते व नव्या ॲक्रिलिकच्या घट्ट होण्यात अडथळा आणते.

आणि बळकट केला, तरी तात्पुरता सेतू तात्पुरताच असतो. तो झिजतो, पाणी शोषतो, त्याची कड कालांतराने सैल होते व तीखालील दात किडू लागतो. दुखत नाही म्हणून पुढच्या तारखेस न जाणे व वर्ष-वर्ष तोच सेतू वापरणे, हे आधारदात गमाविण्याचे कारण ठरू शकते.

रुग्णाने घ्यावयाची काळजी

तात्पुरता सेतू असेपर्यंत त्या बाजूने सुपारी, ऊस, चिक्की, कडक लाडू, भाजलेले हरभरे यांसारखे कठीण पदार्थ चावू नयेत. चिकट पदार्थांनी टोपी उपसून निघते, म्हणून तेही टाळावेत. दात नेहमीप्रमाणे घासावेत. दातांमधून दोरा घालून साफ करीत असल्यास तो वर न ओढता बाजूने ओढून काढावा. टोपी निघाली किंवा सेतूस तडा गेला, तर तुकडे स्वच्छ धुऊन जपून ठेवावेत व लवकरात लवकर दवाखान्यात दाखवावेत. घरातील गोंदाने ते चिकटवू नयेत. त्यामुळे कड चुकीची बसते व दातास अपाय होतो. दात दुखत नसला, तरी वाट पाहू नये. तसेच सेतू किती दिवस राहावयाचा आहे, मध्ये तुटल्यास कोठे व केव्हा यावे, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे. मुक्काम दूर असल्यास दंतवैद्यास ते आवर्जून सांगावे. लांब सेतूत धागे घालावे किंवा कसे, हे ठरविताना त्या माहितीचा उपयोग होतो.

शाळेत करून पाहण्याजोगा प्रयोग

शिक्षकांना हे तत्त्व वर्गात सहज दाखविता येईल. लाकडी फूटपट्टी दोन पुस्तकांवर आडवी ठेवून मध्यभागी बोटाने दाबावी, ती वाकते. तीच कडेवर उभी धरून दाबावी. ती जवळजवळ वाकत नाही. उंचीचे महत्त्व यावरून कळते. नंतर सारख्या जाडीचे तीन खडू घ्यावेत. दोन खडूंच्या एकेका बाजूस लांबीच्या दिशेने कागदाची अरुंद पट्टी खळीने चिकटवून पूर्ण वाळू द्यावी. साधा खडू दोन आधारांवर ठेवून मध्ये दाबला की तो चटकन मोडतो. कागद वरच्या बाजूस असलेला खडूही सुमारे तेवढ्याच जोराने मोडतो. कागद खालच्या बाजूस असलेला खडू मात्र अधिक जोर घेतो, आणि मोडला तरी त्याचे तुकडे सहसा अलग होत नाहीत. एकच कागद एका बाजूस निरुपयोगी व दुसऱ्या बाजूस उपयोगी कसा ठरतो, हे विद्यार्थ्यांना यातून प्रत्यक्ष दिसते.

सार्वजनिक दंतचिकित्सालयांची व्यवस्था पाहणाऱ्यांनीही या विषयाकडे लक्ष देणे इष्ट आहे. दाबाचे भांडे, काचतंतूंचा थोडा साठा आणि भुकटी व द्रव मोजण्याची शिस्त एवढ्यावर तात्पुरते सेतू पुष्कळ अधिक भरवशाचे होऊ शकतात. मोडलेल्या सेतूसाठी येणाऱ्या रुग्णास नवी तारीख न देता त्याच दिवशी पाहण्याची सोय असली, तर आधारदात सरकण्याआधीच दुरुस्ती होते. कोरलेला दात पुन्हा पूर्ववत होत नाही. म्हणून कायमचा सेतू बसेपर्यंत त्याचे रक्षण करणे, ही दंतवैद्य, रुग्ण व चिकित्सालय या तिघांचीही जबाबदारी आहे.